आत्तींचं वाळूक आणि माझं तण

आमच्या घरात दोन बायका आणि एक खुरपं. मी ते लपवायचे आणि सासूबाई शोधून काढायच्या. पाण्याच्या टाकीमागे, तांदळाच्या डब्यात, एकदा तर मी ते इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात खुपसलं होतं. आमचे हे म्हणाले, "तुमच्या दोघींच्या नादात एक दिवस माझ्या शर्टातून खुरपं निघणार." निघालंही. त्या दिवशी ते जेवताना एक शब्द बोलले नाहीत, आणि आम्ही दोघी मात्र एकमेकींकडे न बघता हसू दाबत होतो.

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. लग्न झाल्यावर आधी आई म्हणाले होते, पण त्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला. "आय हाय की तुजी साताऱ्यात, चांगली ठणठणीत. मला आत्ती म्हण." मी साताऱ्याच्या पेठेतली, आत्ती आटपाडीकडच्या. त्यांची माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरामागं फिरलेली, नंतर थोडीफार शेती करायला लागलेली. त्यांचा मुलगा आणि मी कॉलेजात भेटलो नसतो, तर आत्तींच्या आणि माझ्या वाटा या जन्मी एकमेकींना लागण्याचं काही कारण नव्हतं.

पहिल्या श्रावणात आत्तींनी मला बाजरीच्या भांगलणीला नेलं. भांगलण म्हणजे उभ्या पिकात आपापली पात, म्हणजे ओळ, धरून बसायचं आणि खुरप्यानं तण काढत पुढे सरकायचं. तिकडच्या बायकांचे हात हे काम बोलता बोलता, रडता हसता, कुणाचं तरी लग्न जुळवता जुळवता करतात. मी मात्र प्रत्येक रोपापाशी थांबायचे. "आत्ती, हे काढू?" "आत्ती, हे तण आहे की बाजरी?" बायकांची पात शिवारापलीकडं पोचली, त्यांनी चहा घेतला, पानं खाल्ली, आणि मी अजून बांधाजवळच. काढलं मी काहीच नव्हतं. काय काढायचं तेच कळत नव्हतं तर काढू कशाला? आत्ती परत आल्या, माझी पात बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिनं तणाला पावनं म्हणून बशिवलंय गं बायांनो!" सगळं रान हसलं. तेव्हापासून घरात माझी कुंडी वाळली, दूध उतू गेलं, काहीही झालं तरी आत्तींचं ठरलेलं. "तिला तणाची माया."

आता वाळकाचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून घडलं. वाळूक म्हणजे काकडीची रानातली चुलत बहीण. बाजरीत चार बिया टाकायच्या, वेल आपला आपण पसरतो. कोवळं असताना आंबटसर लागतं आणि पिकलं की पिवळंधमक होऊन असा वास सुटतो की आलागेला विचारतोच, घरात काय आहे? आत्तींच्या घरचं वाळूक बाजारातून आणलेल्या बियांचं नव्हतं. त्यांना ते बी त्यांच्या सासूनं दिलं होतं, सासूला तिच्या सासूनं. सुनेच्या हाताला येतंय असं ज्या दिवशी सासूला वाटेल, त्या दिवशी ती ते बी तिच्या ओटीत घालणार. तोवर नाही.

माझ्या ओटीत आत्तींनी काय नाही घातलं? नारळ, साड्या, बाळंतपणात डिंकाचे लाडू, एकदा तर चक्क जिवंत कोंबडी. पण बी नाही. दर वर्षी मी विचारायचे, आणि दर वर्षी त्या माझे हात उलटसुलट करून बघायच्या. "बगू. अजून तयार न्हाई." मी हसायचे. लोकांत हसायचे म्हणजे. खरं सांगू? मला लागायचं. शाळेत मुलींना मराठी शिकवून शिकवून मी निवृत्त झाले, केस पांढरे झाले, आणि या घरात मी अजून उमेदवारच.

मग गावाकडं कालव्याचं पाणी आलं आणि बाजरी गेली. आमच्या तुकड्यात आता चुलतदिरांचं डाळिंब आहे. लय झ्याक आहे, पण त्यात वाळकाला जागा नाही. पाठोपाठ आत्तींच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि हे त्यांना आमच्याकडं सांगलीला घेऊन आले. येताना त्यांच्याजवळ लुगड्यांचं एक गाठोडं आणि पावडरीचा एक जुना डबा होता. डब्यात राखेत कालवलेलं वाळकाचं बी. मूठभरही नव्हतं.

"ह्ये मोडलं म्हंजे मोडलं," त्या म्हणाल्या. "आता गावात कुणाकडं न्हाई."

आमच्या घरापुढं अंगण आहे, कंपाउंडची भिंत आहे. गेल्या वर्षी मृगात आत्तींनी निम्मं बी भिंतीकडेला टोकलं. वेल जोरात आले, भिंतीवर चढले, पिवळी फुलं लागली. फुलाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढं केसाळ वाळूकही दिसायचं. चार दिवसांनी ते पिवळं पडून खाली. आत्ती रोज सकाळी गळलेली सगळी वेचून आणायच्या आणि माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवायच्या. "ह्ये बग." जणू मीच रात्रभर बसून ती खुडली होती. मग कधी सांगलीच्या पाण्याचा दोष, कधी शेजारणीच्या नजरेचा, कधी माझ्या स्कूटरच्या धुराचा. एकही वाळूक धरलं नाही.

मला एक गोष्ट खटकत होती. अंगणात आवाज नव्हता. फुलांवर गुणगुणणारं काहीच नाही. असणार कुठून? आमच्याकडं फरशी, शोभेचे पाम आणि क्रोटन. शेजारच्या काकूंकडं तर प्लास्टिकचं गवत, ते त्या झाडूनं झाडतात. आत्तींना मी म्हटलं, "मांडव घातलाय, पण पाहुणेच येत नाहीत. माश्या कुठायत, आत्ती?"

"मग पत्रिका पाटीव," आत्ती म्हणाल्या.

ठीक आहे, म्हटलं. पाठवते.

मेढ्याला माझ्या शाळेतल्या एक जुन्या सहकारी बाई राहतात. फोनवर त्यांनी सांगितलं, इथल्या माश्यांना इथली झाडं लाव. नर्सरीतल्या दाट पाकळ्यांच्या गुलाबाचं त्यांना काय कौतुक? त्यांना जे ओळखीचं आहे ते दे. पावसाळा सरल्यावर मी त्यांच्याकडं गेले आणि गोणपाटातून रोपं, पिशव्यांतून बिया घेऊन आले. तरवड, निर्गुडी, रानतुळस, कोरांटी, तेरडा, कुर्डू. एसटीत कंडक्टरनं गोणपाट उघडून बघितलं. "मॅडम, शेळीसाठी का?" मी म्हटलं, "सासूसाठी." त्यानं गपगुमान तिकीट फाडलं.

पाम काढले, फरशीची एक पट्टी उखडली, आणि वेलाच्या जागेला लागून सगळं लावलं. आत्ती पायरीवर बसून एकेकाची हजेरी घेत होत्या. "ह्यो तरवड. वड्याकडंला पडलेला असतुया, कुत्रं बी इचारत न्हाई. ह्यो कुर्डू! अगं, ह्या कुर्डूनं माजी कंबर मोडली की गं! ह्येला बी आणलंस?" मग आभाळाकडं बघून म्हणाल्या, "जलमभर जे उपसून टाकलं, ते हिनं यष्टीचं तिकीट काढून आणलं."

खुरपं लपवायची वेळ आली ती तेव्हापासून. आत्तींचे हात स्वस्थ राहीनात. बोलत बोलत अंगणात जायच्या, आणि परत येताना मुठीत काहीतरी असायचंच. मी म्हणायचे, "आत्ती, मूठ उघडा." त्या शाळेतल्या पोरीसारखं तोंड करून मूठ उघडायच्या. रानतुळशीचं रोप, मुळासकट.

या वर्षी मृगात त्यांनी उरलेलं सगळं बी टोकलं. डबा उलटा करून तळहातावर झटकला, राखसुद्धा ठेवली नाही. मी घाबरले. "थोडं तरी राहू द्या."

"ठिवून काय करू? जुनं झालंय. फुडच्या साली उगवायचं न्हाई." आणि मग, माझ्याकडं न बघता, "धरलं तर धरलं."

वेल वाढले. नागपंचमी जवळ आली तसं फुलांनी भिंत पिवळी झाली, आणि माझं तणही फुलायला लागलं. एक-दोन माश्या यायला लागल्या होत्या. मी कुणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. आणि नेमकं तेव्हाच साताऱ्याहून भावाचा फोन, पंचमीच्या बांगड्या भरायला ये. दर वर्षी जाते, नाही कसं म्हणणार? निघताना खुरपं पर्समध्ये घालून घेतलं. साताऱ्यात वहिनीनं माझ्या बॅगेच्या कुलपाची किल्ली शोधायला पर्समध्ये हात घातला आणि किंचाळली. "काय गं हे? सांगलीत इतकं बिघडलंय का?"

पंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी परत आले. फाटक उघडलं आणि तिथंच उभी राहिले. अंगण अर्धं स्वच्छ होतं. म्हणजे शेणानं सारवण्याइतकं स्वच्छ. फाटकाशी ढीग, त्यात तेरडा, कुर्डू, रानतुळस, सगळं उन्हात मान टाकून पडलेलं. पायरीवर आत्ती, दुखरा गुडघा लांब केलेला, हातात माझं चपात्या उलथायचं उलथनं.

"खुरपं गावलं न्हाई," त्या म्हणाल्या. "लय माजलं हुतं गं. म्हणलं, तू दमून येशील, तेवडंच हातासरशी काडून टाकावं."

चेहरा इतका आनंदलेला होता! मला बांगड्यांहून मोठी भेट दिल्यासारखा. त्या गुडघ्यावर बसून, उलथन्यानं, माझ्यासाठी. त्यामुळंच माझं डोकं जास्त फिरलं. रागावायचं तरी कसं आणि न रागावायचं तरी कसं?

रागावलेच शेवटी. "आत्ती, ते शोभेला लावलं होतं का मी? तुमचं वाळूक धरावं म्हणून लावलं होतं! तुमचं बी मोडू नये म्हणून मरतेय मी, आणि तुम्ही ते उलथन्यानं उपसून टाकलंत!"

माझा आवाज शेजारपर्यंत गेला असणार, कारण काकूंची खिडकी उघडली. आत्तींनी उलथनं पदरानं पुसलं आणि खाली ठेवलं.

"तण हुतं गं," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि उरलेलं?"

"ते परवा काडते. उद्या पंचमी हाय."

आता हे फक्त आमच्याकडचीच माणसं समजू शकतील. नागपंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही आणि भुईत खुरपं घालायचं नाही. नागाला लागेल म्हणून. शिराळ्यापासून आटपाडीपर्यंत कुठंही जा, त्या दिवशी बाईच्या हाताला विळी आणि खुरपं दिसायचं नाही. म्हणून निम्मं अंगण वाचलं. माझ्या ओरडण्यानं नव्हे, नागोबामुळं.

पंचमीला मी पुरणाची दिंडं उकडली, तीही भांडी आपटत. आत्तींना काम नव्हतं. चिरायचं नाही, निवडायला काही नाही, भांगलायचं नाही, आणि गुडघ्यामुळं फेर धरायलाही जाता येत नाही. त्यांना उभ्या आयुष्यात रिकाम्या हातांनी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. खुर्ची टाकून त्या वाळकाच्या वेलासमोर बसल्या आणि हात मांडीवर असे ठेवले, जणू दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतलेत. मी काही बघायला गेले नाही. मी रुसले होते.

बऱ्याच वेळानं हाक आली. "ए पोरी. हिकडं यं जरा."

"दिंडं उकडतायत."

"उकडू देत. यं."

गेले. आत्ती बोट दाखवत होत्या. उरलेल्या रानतुळशीवर एक जाडसर माशी होती, पोटावर निळे पट्टे. ती एका तुऱ्यावरून दुसऱ्यावर गेली, मग उडून वाळकाच्या फुलात शिरली. मागचा भाग हलवत आत राहिली, बाहेर आली, शेजारच्या फुलात गेली, पुन्हा रानतुळशीवर.

"सकाळधरनं हेच चाललंय हिचं," आत्ती म्हणाल्या. "हितनं तितं, तितनं हितं. काठ बग कसला हाय. इरकली." स्वतःच्या लुगड्याचा काठ त्यांनी बोटांत धरला, माशीला दाखवल्यासारखा.  मग एकदम माझ्याकडं वळल्या. "पर मग मला सांग, आमच्या रानात मी जलमभर भांगलत आली. तण ठिवलं न्हाई कवा. तरी वाळकं धरायची. लय धरायची. ती कशी?"

 मी त्यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले. माझ्या डोळ्यासमोर ते पहिल्या श्रावणातलं रान आलं, बायकांची पात पार पलीकडं आणि मी बांधाजवळ.

"आत्ती, बांधावर काय असायचं?"

"बांधावर? गवत, तरवड, निरगुडी, काय बी."

"तिथं तुम्ही खुरपं घालायचा?"

"बांधावर कोन खुरपं घालतंय, खुळी का काय तू? बांध तसाच ऱ्हातूया. बांध..." आणि थांबल्या. वेलाकडं बघितलं, माझ्या उरलेल्या तणाकडं बघितलं.

"मग हा बांध समजा," मी म्हटलं.

 आत दिंडं जळून कोळसा झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आत्ती फाटकाशी ढिगात बसलेल्या. जी रोपं जगण्यासारखी होती ती वेचून बाजूला काढत होत्या आणि बडबडत होत्या. "तण लावायची पाळी आली माज्यावर. आता काय बगायचं ऱ्हायलंय?" मी पर्समधलं खुरपं काढून त्यांच्या हातात दिलं. निम्मी रोपं जगली, निम्मी नाही. मेलेल्या एकेकाची मुळं त्या उचलून बघायच्या आणि "च्च" करायच्या, तेव्हा मला त्यांची इतकी दया आली की मीच म्हटलं, "असू द्या आत्ती. कुर्डू मरत नसतो."

"ते तू मला सांगू नगंस," त्या म्हणाल्या.

पण त्या दिवसापासून त्याला तण म्हणायची कुणाची बिशाद नव्हती. बांध! आणि बांध म्हटल्यावर आमच्या भागात काय होतं ते सांगायला नको. शेजारच्या काकूंनी एकदा भिंतीवरची त्यांची कुंडी सरकवली, ती जेमतेम वीतभर आमच्या बाजूला आली. आत्ती काठी टेकत तिथं हजर. "बांध कोरतीस व्हय गं? आटपाडीच्या कोर्टात निम्म्या केशी बांधाच्या हायत, म्हाईत हाय का तुला?" काकू बिचाऱ्या पुण्याच्या, त्यांना वाटलं खरंच नोटीस येणार. कुंडी तर हललीच, शिवाय दुसऱ्या दिवशी काकूंनी वाटीभर खीर पाठवली. आता त्यांनी प्लास्टिकच्या गवताच्या कडेला कोरांटी लावली आहे. आत्ती तिच्यावरही भिंतीवरून लक्ष ठेवतात.

वाळकं धरली. तीन धरली. एक फळमाशीनं नासवलं, एक उंदरानं कुरतडलं. राहिलं एक. त्या एकापायी घरात बाळंतीण असल्यासारखी शांतता. आत्तींनी जुन्या लुगड्याचा धडपा फाडून त्याला टोपडं बांधलं. आमचे हे रोज फिरायला निघताना टोपडं वर करून बघायचे आणि आत्ती खेकसायच्या, "हात लावू नगं!" त्याला पिवळा रंग चढला, मग शेंदरी छटा आली, आणि एके दिवशी वास सुटला. ते कापलं तेव्हा आत्तींनी आम्हा दोघांना एकेक फोड दिली, स्वतः चाटून बघितली आणि गर बाजूला सारून बी काढायला बसल्या. धुतलं, राखेत घोळलं, सुपात वाळवलं. त्या सुपाजवळून मी बाजूनं जायचे. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. इतकी वर्षं विचारलं, पुरे झालं. त्यांचं बी वाचलं, मला तेवढं बास होतं. असं मी स्वतःला सांगत होते.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली हत्यारं पूजेला मांडतात. मी विळी, कात्री, ह्यांचे नटबोल्टचे पाने मांडले. आत्ती आल्या, मध्ये खुरपं ठेवलं आणि त्याच्या शेजारी, अगदी गंभीरपणे, माझं उलथनं. हळदकुंकू दोघांनाही. मी हसले तशा म्हणाल्या, "हसू नगंस. पदर धर."

"आत्ती, गाऊन आहे."

"आज सणाचं बी गाऊन? मग वटी कशात घालू, कपाळात?"

मी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. आत्तींनी पावडरीचा डबा उघडला आणि सगळं बी टॉवेलात ओतलं. सगळं. स्वतःला एक दाणासुद्धा ठेवला नाही. मग कनवटीची पुरचुंडी सोडली आणि तिच्यातलं काळं, बारीक, चकाकणारं बीही वर घातलं. कुर्डूचं होतं.

"ह्ये बी ठिव. बांध नसंल तर वाळूक कुटलं धरायला?" त्यांनी माझे हात टॉवेलसकट धरले, नेहमीसारखे उलटसुलट करून बघितले नाहीत, नुसते धरले. "तुजा हात कवाच तयार हुता गं. मलाच द्यायला हुईना. दिलं की माजं काय ऱ्हातंय, असं वाटायचं."

 इतकी वर्षं मुलींना भाषा शिकवली आणि ऐन वेळी तोंडातून शब्द फुटेना. नाक लाल झालं, डोळे भरले, आणि पुसायला हातात होता तो टॉवेल बियांनी भरलेला.

आत्तींनी माझ्या हनुवटीखाली पदर धरला.

"रडू नगंस," त्या म्हणाल्या. "बी भिजंल."